पाण्याआधी पोचावी बातमी

तुमच्या ओळखीचे कोणी आजी-आजोबा १९६१ साली पुण्यात राहत असतील, तर त्यांना १२ जुलैच्या दिवसाबद्दल विचारून पाहा. साठ वर्षे उलटून गेली, तरी त्या दिवशी आपण कोठे होतो हे ते तुम्हांला लगेच सांगतील.

पुण्याच्या वरच्या अंगाला, मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर, पानशेत येथे मातीचे धरण बांधले जात होते. त्या पावसाळ्यात त्यात प्रथमच पाणी साठत होते आणि काही कामे अजून पुरी व्हायची होती. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडणारी जी मोरी असते, तिच्या वरची माती खचू लागली. धरणाचा माथा खाली बसू लागला. आदल्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात पोती रचून तो माथा पाण्याच्या वर ठेवण्याची शिकस्त करत होते. पण सकाळी धरण फुटले.

पानशेतचे पाणी खाली खडकवासल्याच्या तलावात येऊन कोसळले. तेथील दगडी धरण १८७९ साली पुरे झालेले, म्हणजे त्या वेळीच ऐंशी वर्षांचे जुने. एवढे पाणी अंगावर घेऊनही ते काही तास उभे राहिले आणि दुपारच्या सुमारास तेही फुटले. मग मुठेचे पाणी नारायण पेठ, शनिवार पेठ, डेक्कन जिमखाना अशा भागांत शिरले. लकडी पूल पाण्याखाली गेला. माती-लाकडाचे जुने वाडे एकामागून एक बसले.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. पानशेत सकाळी फुटले आणि खडकवासला दुपारी. मधे काही तास होते आणि तेही दिवसाउजेडी. ज्यांना वेळेवर कळले आणि ज्यांनी घर सोडले, ते वाचले. परंतु असा प्रसंग आला तर इशारा कसा द्यायचा आणि लोकांनी कोठे जायचे, हे आधी ठरलेले नव्हते. कित्येकांना तो नेहमीचा पूर वाटला. नदीला आलेले पाणी पाहण्यासाठी काठावर गर्दी करणारेही होते.

धरण फुटले की दोन गोष्टी खालच्या गावांकडे धावू लागतात. एक पाणी आणि दुसरी बातमी. पाण्याला कोणी अडवू शकत नाही. पण बातमीचा वेग आणि बातमी मिळाल्यावर आपण काय करतो, हे मात्र आपल्या हातात असते. या लेखात आपण त्याचाच विचार करणार आहोत.

धरण फुटते कसे?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू या. धरण फुटणे ही क्वचित घडणारी घटना आहे. भारतात सर्वांत जास्त मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतील बहुसंख्य वर्षानुवर्षे निमूटपणे आपले काम करत आहेत. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण क्वचित घडणारी गोष्ट घडते तेव्हा काय होते, हे माहीत असायला हवे.

आपल्याकडची बरीच धरणे मातीची आहेत. मातीच्या धरणाचे मोठे शत्रू दोन. पहिला शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. जादा पाणी बाहेर जावे म्हणून प्रत्येक धरणाला सांडवा ठेवलेला असतो. पण सांडव्याच्या शक्तीपेक्षा जास्त पूर आला, की पाणी धरणाच्या माथ्यावर चढते आणि मागच्या उतारावरून खाली धावते. ते माती कापत जाते. लहानशी घळ पडते, घळीतून जास्त पाणी वाहू लागते, जास्त पाण्याने घळ आणखी मोठी होते आणि पाहता पाहता बांधाचा मोठा भाग वाहून जातो.

गुजरातेत मोरबी गावाच्या वर मच्छू नदीवर असलेले दुसरे धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी असेच गेले. ज्या पुराचा हिशोब धरून सांडवा बांधला होता, त्याच्या सुमारे तिप्पट पाणी त्या दिवशी आले. मधला दगडी सांडवा जागेवर राहिला, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले.

दुसरा शत्रू अधिक छुपा आहे. तो म्हणजे झिरपणारे पाणी. मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपतेच आणि त्याला वाट काढून देण्याची सोयही केलेली असते. असे पाणी स्वच्छ असेल, तर बहुधा काळजी नसते. पण ते गढूळ दिसू लागले, तर सावध व्हायला हवे! गढूळ पाणी म्हणजे माती मिसळलेले पाणी. ती माती कोठून आली? धरणाच्या पोटातून किंवा पायातून. म्हणजे आत कोठेतरी उंदराच्या बिळासारखी पोकळी तयार होत आहे आणि ती क्षणाक्षणाला मोठी होत आहे.

ही खूण ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला ती पुन्हा भेटणार आहे.

पाणी किती वेगाने येते?

एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. वर्तमानपत्रांत धरणाचा साठा टी.एम.सी.मध्ये दिलेला असतो. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. म्हणजे एका टी.एम.सी. पाण्याचे वजन सुमारे २ कोटी ८३ लाख टन! यातील काही भाग जरी एकदम सुटला, तरी काय होईल याची कल्पना करा. शिवाय वाहत्या पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, की धक्का चौपट होतो. म्हणूनच जोराच्या प्रवाहात गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाचे पाय उपटते.

आता वेगाकडे वळू. अमेरिकेत जॉन्सटाउन नावाच्या गावाच्या वर साउथ फोर्क धरण होते. ३१ मे १८८९ रोजी ते फुटले. धरणापासून गाव सुमारे २३ किलोमीटर दूर होते आणि पाणी तेथे ५७ मिनिटांत पोचले. वेग काढून पाहा बरे. ताशी सुमारे २४ किलोमीटर, म्हणजे सायकल जोरात मारावी इतका. मोरबीचे गणित याहून कठीण होते. धरण गावापासून सुमारे पाचच किलोमीटरवर होते आणि वीसएक मिनिटांत पाणी गावात आले. म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटर.

दोन्ही ठिकाणचे वेग वेगळे का? अरुंद आणि उताराच्या खोऱ्यात पाण्याला पसरायला जागा नसते, म्हणून ते उंच भिंतीसारखे वेगाने येते. खोरे रुंद आणि सपाट झाले, की पाणी पसरते, त्याची उंची कमी होते आणि वेगही मंदावतो. मधे दुसरा तलाव असला, तर काही काळ तो पाणी अडवून धरतो. खडकवासल्याने पुण्याला वेळ मिळवून दिला, तो असा.

म्हणून धरणापासून अंतर किती आणि वाटेत खोरे कसे आहे, या दोन गोष्टींवरून आपल्या गावाला किती वेळ मिळेल हे ठरते. अभियंते याचे सविस्तर गणित करून नकाशे काढतात. त्यांत कोठवर पाणी चढेल आणि किती वेळाने पोचेल, हे दाखवलेले असते. नदीकाठी तुम्ही निळ्या आणि लाल पूररेषेबद्दल ऐकले असेल. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. धरण फुटल्यावरचे पाणी लाल रेषेच्याही वर जाऊ शकते. तेव्हा ‘आमच्या घराला आजवर कधी पाणी लागले नाही’ हा येथे पुरावा होऊ शकत नाही.

दोन धरणे, दोन निकाल

जॉन्सटाउनला जवळजवळ तासाभराचा अवधी होता. शिवाय धरण धोक्यात असल्याच्या तारा त्या दिवशी खाली धाडल्या गेल्या होत्या. तरीही तेथे २,२०९ माणसे मेली. याचे एक कारण मोठे विचार करण्यासारखे आहे. ‘आज धरण फुटणार’ अशी आवई गावात वर्षानुवर्षे उठत असे आणि धरण काही फुटत नसे. लोकांना त्याची सवय झाली होती. लांडगा आला रे आला, ही गोष्ट तुम्हांला ठाऊकच आहे. खरा लांडगा आला तेव्हा कोणी फारसे हलले नाही.

आता दुसरे उदाहरण पाहा. अमेरिकेतच आयडाहो राज्यात टेटन नावाचे सुमारे ९३ मीटर उंचीचे मातीचे धरण बांधले होते. पानशेतप्रमाणेच त्यातही प्रथमच पाणी भरत होते. ५ जून १९७६ रोजी सकाळी तेथील लोकांना धरणाच्या उजव्या अंगाला गढूळ पाणी झिरपताना दिसले. आपली मघाची खूण आठवली ना? ते छिद्र बुजवण्यासाठी दोन बुलडोझर पाठवले, तर खचणाऱ्या मातीने ते दोन्ही गिळले. चालकांना कसेबसे बाहेर ओढून काढले.

पण ही धडपड चालू असतानाच, साडेदहाच्या पुढे, खालच्या गावांच्या पोलीस अधिकाऱ्यांना फोन गेले. रेडिओवरून सूचना सुरू झाल्या. पोलीस आणि शेजारीपाजारी दारोदार फिरले. धरण फुटले ते दुपारी बाराला तीन मिनिटे कमी असताना. शुगर सिटी या गावी पाणी सुमारे तासाभराने आले आणि त्यापुढे पाचसहा किलोमीटरवर असलेल्या रेक्सबर्गला सुमारे अडीच तासांनी. घरे वाहून गेली, हजारो लोक बेघर झाले. पण मृत्यू झाले ते अकरा.

टेटनचे धरण साउथ फोर्कपेक्षा कितीतरी उंच होते. तरीही माणसे वाचली, कारण धरण फुटण्याची वाट न पाहता, फुटेल अशी शंका येताच बातमी निघाली आणि ऐकणाऱ्यांनी ती खरी मानली. अमेरिकेतील अशा अनेक घटना एकत्र मांडून अभ्यासकांनी पाहिले, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. जेथे दीड तासाहून अधिक आधी इशारा मिळाला, तेथे मृत्यू फार थोडे झाले.

आणि जेथे अंतर थोडे आणि वेळ रात्रीची असते, तेथे? २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले. खाली जवळच असलेल्या भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि किमान १९ माणसे मृत्युमुखी पडली. धरणाला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी त्याआधीच केली होती. एवढ्या जवळच्या वस्तीला पाणी निघाल्यावर दिलेला इशारा फारसा उपयोगी पडत नाही. तेथे गळती दिसल्याबरोबर तिची तपासणी आणि दुरुस्ती होणे आणि तोवर पावसाळ्यात वस्ती हलवणे, हाच खरा इशारा.

वेळेचा हिशोब

आता एक उदाहरण सोडवू. समजा, एक गाव धरणापासून १२ किलोमीटरवर आहे आणि पाणी ताशी १२ किलोमीटर वेगाने येते. म्हणजे गावाला ६० मिनिटे मिळाली. हे झाले जमेचे खाते. आता खर्च मांडू.

धरणावरून कचेरीत, कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, तेथून गावात आणि गावातून घरोघर बातमी पोचायला लागली २५ मिनिटे. ‘खरे आहे का?’ असे एकमेकांना विचारण्यात, कागदपत्रे शोधण्यात, गुरे सोडण्यात गेली १५ मिनिटे. मग आजीला बरोबर घेऊन १ किलोमीटर २०० मीटर चालायचे. ताशी ३ किलोमीटर चालीने त्याला लागली २४ मिनिटे. बेरीज करा. ६४ मिनिटे! चार मिनिटांनी गाव हरले.

पाण्याच्या ६० मिनिटांची ६५ करणे आपल्याला शक्य नाही. खर्च मात्र कमी करता येतो. धरणावरून थेट गावात फोन आला आणि गावात ठरलेला भोंगा किंवा घंटा लगेच वाजली, तर २५ ची ८ मिनिटे होतील. महत्त्वाची कागदपत्रे, औषधे आणि विजेरी यांची पिशवी खुंटीला तयार असली आणि कोणी कोणाला हात द्यायचा हे ठरलेले असले, तर १५ ची ५ होतील. आणि १,२०० मीटरवरच्या रस्त्याऐवजी ६०० मीटरवरची टेकडी आधीच हेरून ठेवली, तर २४ ची १२ होतील. आता बेरीज झाली २५. हाताशी ३५ मिनिटे उरली.

पाहा, यात नवे यंत्र जवळजवळ काहीच लागले नाही. काही गोष्टी आधी बसून ठरवल्या, एवढेच. गावाची पूर्वतयारी म्हणतात ती हीच.

टेकडीबद्दल एक सूचना. पाणी येत असताना नदीच्या कडेने खाली पळणे म्हणजे पाण्याशी शर्यत लावणे. ती आपण हरणारच. नदीला पाठ करून बाजूच्या चढावर जायचे. नदी किंवा ओढा ओलांडून जाण्याची वाट कधीही निवडू नये.

दुसरी सूचना इशाऱ्याबद्दल. मोरबीला त्या दिवशी वादळी पावसाने दूरध्वनीच्या तारा निकामी झाल्या होत्या. आज आपल्या हातात मोबाइल आहे, पण वीज गेली आणि मनोरा बंद पडला की तोही मुका होतो. म्हणून इशाऱ्याची निदान दोन साधने हवीत आणि त्यांतले एक विजेवाचून चालणारे हवे. शाळेची घंटा, देवळातली घंटा, ढोल, हलगी, शिट्टी काहीही चालेल. मात्र तो नाद फक्त याच कामासाठी राखून ठेवावा आणि त्याचा अर्थ लहान मुलालाही माहीत असावा. सावधानतेचा इशारा वेगळा आणि ‘निघा’ हा इशारा वेगळा ठेवला, म्हणजे जॉन्सटाउनसारखी सवय होत नाही. खात्री न करता आवई पसरवणारा माणूसही गावाचे नुकसानच करतो, कारण पुढच्या खऱ्या इशाऱ्याची किंमत तो कमी करतो.

धरण न फुटताही

नदीला अचानक पाणी येण्यासाठी धरण फुटावेच लागते असे नाही. धरणाची दारे उघडली, तरी कोरडे दिसणारे पात्र थोड्या वेळात भरते. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात सहलीला आलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी असेच वाहून गेले. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले होते.

‘धरणातून १०,००० क्युसेक विसर्ग’ अशी बातमी तुम्ही वाचता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लिटर. म्हणजे सेकंदाला २ लाख ८० हजार लिटर पाणी. धरणाखालच्या पात्रात पोहायला किंवा छायाचित्रे काढायला उतरताना हा आकडा आठवा. भोंगा वाजला किंवा पाणी एकाएकी गढूळ होऊन चढू लागले, तर सामान गोळा करत बसू नका. आधी काठावर या.

करून पाहा

भारतात २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. कायद्याच्या कक्षेतील मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे आणि संकटकाळी काय करायचे याचा आराखडा तयार ठेवणे त्याने बंधनकारक केले आहे. पण आराखडा कचेरीच्या कपाटात राहिला, तर गावाला त्याचा उपयोग नाही. तो गावाच्या डोक्यात उतरायला हवा. त्यासाठी तुमचा वर्ग मोठे काम करू शकेल. शिक्षकांच्या मदतीने मे-जूनमध्ये हे प्रयोग करा.

१. आपल्या नदीवर किंवा ओढ्यावर वरच्या बाजूला कोणते धरण किंवा पाझर तलाव आहे ते शोधा. ते मातीचे की दगडी, त्याचे नदीच्या वाटेने अंतर किती आणि देखरेख कोणत्या कचेरीकडे आहे, हे लिहा. तेथे आराखडा आहे का, अशी चौकशी ग्रामपंचायतीमार्फत करा.

२. घंटेची चाचणी घ्या. गावाला आधी कल्पना देऊन ठरलेल्या वेळी शाळेची घंटा वाजवा. प्रत्येकाने आपल्या घरी थांबून ती ऐकू आली की नाही ते नोंदवावे. पाऊस पडत असताना हाच प्रयोग पुन्हा करा. जी घरे दुसऱ्या वेळी गळतील, त्यांच्यासाठी दुसरे साधन शोधा.

३. घरातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाबरोबर जवळच्या उंच जागेपर्यंत चालून पाहा आणि मिनिटे मोजा. आपण एकटे धावत किती वेळात जातो, त्याला येथे महत्त्व नाही.

४. गावाचा नकाशा काढून त्यावर उंच जागा, तेथवरच्या वाटा आणि ज्यांना मदत लागेल अशी घरे दाखवा. पलीकडच्या वस्तीवर उतरलेले ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरची कुटुंबे यांना विसरू नका. त्यांना ना गावची घंटा ओळखीची असते, ना वाटा. नकाशावर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक ठळक लिहा.

५. मोठ्या माणसांबरोबर धरण पाहायला गेलात, तर मागच्या उतारावर गढूळ झिरपा, नव्याने ओली झालेली जागा, माथ्यावरची भेग किंवा खोलगट भाग, उगवलेली मोठी झाडे आणि प्राण्यांची बिळे आहेत का, ते दुरून पाहा. उतारावर स्वतः जाऊ नका. काही आढळले, तर तारीख घालून लेखी कळवा आणि पोच घ्या.

हे सर्व झाले, की आपल्या गावाचा वेळेचा हिशोब वरच्याप्रमाणे मांडा. जमा किती आणि खर्च किती? खर्च जास्त निघाला, तर कोणत्या रकमेतून मिनिटे वाचवता येतील ते वर्गात ठरवा आणि तो कागद पहिला पाऊस पडण्याच्या आत ग्रामसभेपुढे ठेवा.